माझ्या मागून येणारा पाय

“पायात काहीसुद्धा नाही त्याच्या,” व्यायामवाली बाई म्हणाली आणि एक्स-रे तिने खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या धाकट्याचा गुडघा त्यात धुरासारखा दिसत होता, पांढरट, गोल, कुणाचाही असावा तसा. “हाड चांगलं, सांधा चांगला. असा गुडघा मला कुणी दिला तर मी पळत सुटेन.” मी म्हटलं, “मग लंगडतो कशाला तो? हौस म्हणून?” माझ्या बोलण्यावर लोक एकतर हसतात नाहीतर चिडतात. ही नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, “तुम्ही दोघं जरा त्या टोकाच्या दारापर्यंत चालून या बरं.” धाकट्यासारख्या मुलांच्या केंद्राचा व्हरांडा लांबलचक आहे. फरशी नुकतीच पुसलेली होती, फिनेलचा वास येत होता, भिंतीला लागून खुर्च्या, आणि उघड्या दारांतून आत पुठ्ठ्याची खोकी दुमडत बसलेली ती सगळी मुलं दिसत होती. मुलं म्हणायचं आपलं, कुणाला टक्कल पडलंय, कुणाचे केस पांढरे. मी पुढे निघाले, धाकटा मागे. नेहमीसारखंच. टोकाच्या दाराला हात लावून परत आलो तर बाईने तोंडावर हात धरलेला. आम्हाला हसणारे लोक मी आयुष्यभर पाहिलेत आणि त्यांना गप्प कसं करायचं तेही मला येतं. डोळे न हलवता नुसतं बघायचं. तसं मी बघितलं. पण ती हसत नव्हती. “आजी,” ती म्हणाली, “डावा पाय तुमचा दुखतो.” “माझं काय काढलंस? पेशंट तो आहे. आणि आजी कुणाची?” “तुमचा डावा पाय दुखतो. तुम्ही तो पूर्ण टेकत नाही, जरासा ओढता आणि मग कमरेतून उचलता. तोही तेच करतो. अगदी तेच. त्याचं काही दुखत नाही हो. त्याला वाटतं, चालणं म्हणजे हेच.”

इस्त्रीचा चटका बसतो तेव्हा पहिल्यांदा गार लागतं. ज्यांनी कधी इस्त्री हातात धरली नाही त्यांना हे खोटं वाटेल. गार लागतं, आपण बोटाकडे बघतो, कातडी पांढरी झालेली दिसते, आणि मग कुठूनतरी लांबून आग येते. तसं झालं मला. मी “चल” म्हटलं आणि निघाले, आणि फाटकापर्यंतही पोचले नसेन तोवर मला माझ्याच पायाचा आवाज ऐकू आला. ठप, सर्र. ठप, सर्र. आणि त्याच्यावरच पडलेला दुसरा, जड, रबरी तळव्याचा, ठप, सर्र. मी थांबले. तो थांबला. मी उजव्या पायावर भार घेतला. मागे वळून बघायची मला गरज नव्हती, त्यानेही घेतलाच असणार. तेवढ्यात त्याने नेहमीसारखं माझ्या खांद्यावर बोट टोचून विचारलं, “घरी?” मी म्हटलं, “घरीच. आणखी कुठे जाणार आहोत आपण.”

दोन हिवाळ्यांपूर्वी तो लंगडायला लागला तेव्हा सगळ्यांनी त्याची कीव केली होती. थोरल्याने त्याची खाट संडासाच्या जवळ आणली. केंद्रात त्याला दाराजवळची खुर्ची मिळाली आणि खोक्यांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर आणून द्यायला लागले, उठायला नको म्हणून. मी बाजारात जाताना त्याला नेईनाशी झाले. त्याचा गुडघा दुखतोय, त्याला कशाला दमवा. असा तो बसला. बसला आणि सुजत गेला, कणीक फुगते तसा. चपलांचे पट्टे पुरेनात, त्याच्या पायाच्या बोटांमध्ये माझं बोट शिरेना, रक्तात साखर निघाली. परवा डॉक्टर म्हणाला, कारखान्यातल्या यंत्राबद्दल बोलावं तसं म्हणाला, “हा चालला नाही तर खुर्चीत अडकेल, खुर्चीतून खाटेवर जाईल. आणि खाटेवर गेला की याला कुशीवर वळवायला माणसं लागतील. आहेत का?” डॉक्टर माझ्याकडे बघत होता, थोरला मोबाइलकडे बघत होता, आणि धाकटा माझ्या हाताकडे. आणि मी रोज संध्याकाळी त्याची विजार वर करून त्या गुडघ्याला मलम चोळत होते. त्या निरोगी, गोऱ्या, गुबगुबीत गुडघ्याला. चोळलं की तो खिदळायचा. मला वाटायचं, बरं वाटतंय पोराला. गुदगुल्या होत होत्या त्याला. आणि मलमाचे हात मी धुऊन टाकायचे, माझ्या गुडघ्याला उरलंसुरलंही लावायचे नाही, कारण मला काही झालेलंच नव्हतं. मला काही होत नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

जेवताना मी सांगितलं. सांगणार नव्हते, पण सुनेने विचारलं, “काय म्हणाली ती बाई?” आणि खोटं बोलायला मला उशीर झाला. थोरल्याला आधी समजलंच नाही आणि समजल्यावर तो हसला. लहानपणी त्यानेच धाकट्याचं नाव ठेवलं होतं, आईचं शेपूट. “बघ, मी म्हणत नव्हतो? अख्खं जनावर लंगडतंय म्हटल्यावर शेपूट सरळ कसं राहील!” मी म्हटलं, “जनावर कुणाला म्हणतोस? ताट बाजूला ठेव आणि परत म्हण.” सूनबाईने पाण्याच्या पेल्यात तोंड घालून हसू दाबलं. ती माझ्यासमोर अशीच हसते, पेल्यात नाहीतर फ्रिजमध्ये. मग तोंड पुसून म्हणाली, “आई, तुम्ही ऑपरेशन करून घ्या ना गुडघ्याचं. डॉक्टर कधीपासून म्हणताहेत. तुम्ही सरळ चालायला लागलात की भाऊजी सरळ.” “आणि मी खाटेवर असेन तेव्हा?” मी विचारलं. “माझ्यामागे चालतो तसा माझ्यामागे आडवाही होतो तो. मला ताप आला होता तेव्हा काय झालं, विसरलात?” विसरले नव्हते. माझ्या खाटेखाली चटई टाकून तो पडून राहिला होता. केंद्राची गाडी खाली भोंगा वाजवून वाजवून निघून जायची. मी पेज प्यायले की तो पेज प्यायचा, मी भिंतीकडे तोंड केलं की तोही. उठले तेव्हा माझ्यापेक्षा त्याचेच पाय जास्त लटपटत होते. “तेव्हा ताप होता,” मी म्हटलं, “हे महिनोन् महिने चालेल. तोवर हा उठायचा विसरेल. मग माझा गुडघा लोखंडाचा करा नाहीतर सोन्याचा.” थोरल्याने मीठ मागितलं, जे त्याच्यासमोरच होतं. मी चमचा खाली ठेवला. धाकट्याने चमचा खाली ठेवला. मी परत उचलला, मुद्दाम, बघावं म्हणून, आणि त्याने उचलला, आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसला की मला तो चमचा भिंतीवर फेकावासा वाटला.

चालायला तो फार उशिरा लागला. त्याच्या वयाची मुलं शाळेची दप्तरं ओढत जायची तेव्हा हा माझ्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाखाली, गोणपाटावर बसलेला असायचा. दुकान म्हणजे कपाटच. पुढे टेबल, मागे कपड्यांची मांडणी, मध्ये मी एकटी वळू शकेन एवढी जागा. तेव्हाच्या डॉक्टरने सांगितलं होतं, बाई, हा बसून राहणार, मनाची तयारी करा. कागदावर त्याच्यासाठी लांबलचक शब्द लिहिला होता. तो शब्द मी कधी पाठ केला नाही. गळून पडलेली बटणं तो गोळा करायचा आणि माझ्या पावलावर ठेवायचा, एकावर एक, आणि मी पाऊल हलवायचे नाही, हात तेवढे चालवायचे. कॉलर, खांदा, बाही, कफ, पाठ. एका दुपारी मी शर्टांचा गठ्ठा घेऊन मांडणीकडे वळले तर मागून माझ्या अंगावरचं कापड ओढलं गेलं. वाटलं खिळ्यात अडकलं. झटका दिला, सुटेना. अर्धी मान वळवली तर तो उभा होता. मुठीत माझं कापड, तोंड उघडं, लाळ गळतेय, आणि उभा. मी ओरडले नाही, शेजारच्या चांभाराला हाक मारली नाही, देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मी तोंड पुढे केलं आणि एक पाऊल टाकलं. माझी खात्री होती की मी बघितलं तर तो पडेल. एक पाऊल, आणि मागे गोणपाटाची खसखस. आणखी एक. मांडणीपाशी पोचल्यावर गठ्ठा ठेवायचा सोडून मी तो छातीशी धरून उभी राहिले, शर्ट अजून गरम होते. डोळे पुढे आणि कान मागे, अशी मी तेव्हापासून चालत आले. त्याच्या तब्येतीचं, त्याच्या मनाचं, सगळं मला मागून ऐकू येतं. रस्त्यातही मीच पुढे. लोक बघायचे ना, पोरं चिडवायची, बायका “अरेरे” करायच्या. त्या सगळ्यांच्या नजरा आधी माझ्यावर आपटायच्या आणि त्याच्यापर्यंत जाईतो त्यांतली धार गेलेली असायची. व्यायामवाली म्हणते, शेजारीशेजारी चालायला शिकवायला हवं होतं. तिला म्हणायला काय जातंय. मी चुकले असं ज्याला म्हणायचं असेल त्याने तो रस्ता माझ्याबरोबर एकदा चालून यावं आणि मग तोंड उघडावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या, उपाशीपोटी घेऊ नका असं बजावलेल्या, उपाशीपोटीच घेतल्या, आणि त्याला म्हटलं, “बूट घाल. बागेत जायचं.” आमच्या इमारतीमागे बाग आहे, बाग कसली, धुळकट झाडं आणि त्यांच्याभोवती सिमेंटची गोल वाट. फाटकात मी क्षणभर थांबले. मी मनात म्हटलं, सरळ चालायचं. किती साधी गोष्ट. एवढी वर्षं चालतेय, आणि आता पाऊल टाकताना आधी टाच की आधी चवडा, ते आठवेना. लग्नात नव्या नवरीला वाटावं तसं वाटलं, सगळं जग पायांकडे बघतंय. डावा पाय पूर्ण टेकला. गुडघ्यात काहीतरी करकर फिरलं, वाळू भरलेल्या जात्यासारखं, आणि कळ मांडीतून वर येऊन थेट दाढेत बसली. मी दाढा आवळल्या. दुसरं पाऊल. तिसरं. पाठ ताठ, मान ताठ, लोक मला गर्विष्ठ म्हणायचे ते याच चालीमुळे, पण तेव्हा ती चाल फुकट होती, कळ नव्हती. आणि मग मागे ऐकू आलं. ठप. ठप. ठप. सर्र नाही. मी जरा वेग वाढवला. ठप, ठप, ठप, ठप. त्याचा श्वास ऐकू यायला लागला, भात्यासारखा, मग त्याचं ते घशातलं गुणगुणणं, जे तो खूश असला की करतो आणि जे मी त्या दोन हिवाळ्यांत ऐकलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, कळेमुळे की कशामुळे, तेव्हा कोण बघतंय. बाकावरचा एक पेन्शनर म्हणाला, “वा, आज जोरात आहे स्वारी!” मी म्हटलं, “तुम्ही पण उठा, बाक झिजला.” वाट संपून परत फाटक आलं तेव्हा धाकट्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, गाल लाल, आणि तो माझ्या खांद्यावर बोट टोचत होता, “परत? परत?” कधी काही मागत नाही तो. परत, म्हणत होता. आणि माझा हात फाटकाच्या गजाला धरलेला, तो सुटत नव्हता. मी सोडायला गेले असते तर खाली बसले असते, आणि मी बसले असते तर तो बसला असता, तिथेच, धुळीत, हसत. “उद्या,” मी म्हटलं. गजाला धरून म्हटलं.

तो ‘उद्या’ काही आला नाही. गुडघा रात्रीत भोपळ्यासारखा झाला होता आणि मी खाटेवरून पाय खाली सोडू शकले नाही. तो माझ्या खाटेखाली चटईवर. केंद्राची गाडी भोंगा वाजवून गेली. असे किती दिवस गेले ते मोजायला मला आवडत नाही. मग एका दुपारी व्यायामवाली स्वतःच घरी आली, गळ्यात शिट्टी अडकवलेली, आणि आधी माझा गुडघा बघितला, न विचारता, चादर बाजूला करून. “हे कुणाला विचारून केलंत?” “माझ्या पायाला विचारून.” “आणि तो हो म्हणाला?” मला तिचं हे आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. ती खुर्ची ओढून बसली, मग धाकट्याकडे बघून खुर्चीतून उतरून खाली चटईपाशी बसली. पिशवीतून चेंडू काढला, मऊ, आतून खुळखुळणारा, त्याच्याकडे घरंगळत सोडला. “दादा, टाक माझ्याकडे.” त्याने चेंडू उचलला, बघितला आणि माझ्या खाटेवर ठेवला, माझ्यासाठी. ती तरीही हसली नाही. केंद्रात तिने काय काय केलंय ते मी पाहिलेलं आहे. जन्मात खुर्चीतून न उठलेली एक बाई हल्ली धुण्याची ढकलगाडी घेऊन अंगणभर फिरते, कारण चाकाचं किरकिरणं तिला आवडतं हे हिने ओळखलं. चाकाला तेल घालू देत नाही कुणाला. दोघे भाऊ आहेत, एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, ते आता भिंतीवर चेंडू मारतात तासन् तास. एक पोरगी बँडबाजा लावला की घाम फुटेपर्यंत नाचते. “प्रत्येकाचं काहीतरी असतं,” ती मला म्हणाली, “तेवढं सापडलं की माणूस हलतो. दिवस दिवस जातात शोधण्यात, पण सापडतं. याचंही सापडलंय.” मी विचारलं, “काय?” “तुम्ही.” ती शिट्टी बोटाभोवती गुंडाळत होती, सोडवत होती. “तिथे तुम्ही नसलात की तो दाराकडे तोंड करून बसतो. मी गाणी लावली, घुंगरं आणली, खाऊ लांब ठेवला, दोघांना त्याचे हात धरायला लावलं. हात धरला की उठतो, सोडला की बसतो. मला येत होतं ते संपलं, आजी.” “म्हणजे मी मरायचंच नाही.” “असं नाही म्हणाले मी.” “पण असंच आहे.” तिने चेंडू परत पिशवीत घातला. तो आत खुळखुळला. धाकट्याने त्या आवाजाकडे बघितलं, क्षणभर, आणि माझ्या मनाने आत उडीच मारली. पण मग त्याने माझ्याकडे बघितलं, मी काय करते ते.

स्वेटरची कल्पना सूनबाईची. सुजलेला पाय उशीवर ठेवून मी पडले होते आणि ती ऑफिसला निघताना आरशासमोर उभी होती. तिथूनच म्हणाली, “आई, भाऊजी चालताना तुमचं तोंड कुठे बघतात? पाठच बघतात ना?” मी म्हटलं, “मग?” “मग पाठच हवीय त्यांना.” माझा करडा लांब स्वेटर आहे, हिवाळ्यात दुकानात घालायचे तो, कोपरांवर ठिगळं लावलेला, किती धुतला तरी ज्याला स्टार्चचा आणि गरम कापडाचा वास येतो. दुकान बंद होऊन जमाना झाला पण तो वास जात नाही. तो तिने अंगात घातला, माझा स्कार्फ डोक्याला बांधला, हनुवटीखाली गाठ मारून, आणि खोलीत जराशी वाकून, पाय ओढत चालून दाखवलं. “मी एवढी वाकडी नाही,” मी म्हटलं. “आहात.” “आणि ओढायचा कशाला पाय? सरळ चाल. तेच तर पाहिजे.” “अरे हो,” म्हणाली आणि स्वतःलाच चापट मारली, आणि आम्ही दोघी हसलो, तोंडासमोर पेला न धरता. मग एकदम तिला काय वाटलं कुणास ठाऊक, स्वेटरच्या बाह्या ओढून तिने हात झाकून घेतले. “तुम्हाला चालेल ना, आई?” आता चालेल का म्हणजे काय. कुणी आपले कपडे अंगावर चढवून आपली जागा घेतं आणि विचारतं, चालेल ना. मी म्हटलं, “स्वेटरचं बटण जपून लाव, खालचं सैल आहे.”

ठरलं असं, की रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असतो तेव्हा, ती दारातून पुढे निघेल आणि मी न्हाणीघरात असेन, म्हणजे त्याला मी घरात दिसायला नको. वळायचं नाही, बोलायचं नाही. इमारतीपासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून बागेकडे, तिथे व्यायामवाली उभी राहील. मी न्हाणीघराचं दार लावून बादलीवर हात टेकून उभी होते. बाहेर सुनेने खोकल्यासारखं केलं, मी खोकते तसं, बेरकी आहे. मग त्याच्या बुटांची सुटी टाच जमिनीवर आपटली. मला वाटलं आता तो तिला वळवून तोंड बघेल. पण नाक ओढल्याचा आवाज आला, दोनतीनदा, वास घेत होता तो, आणि मग विचारलं त्याने, मला विचारतो त्याच आवाजात, “बागेत?” ती बोलली नाही. दार उघडलं. लिफ्टचं दार सरकलं, बंद झालं. गेला. इतकं सोपं. एका ठिगळाच्या स्वेटरमागे गेला. मी बादली लाथेने ढकलली, चांगल्या पायाने, आणि भिंतीला धरत धरत गॅलरीत आले आणि वाळत टाकलेल्या चादरीआड उभी राहिले.

ते फाटकातून बाहेर पडले. मला मी पाठीमागून कधी दिसले नव्हते. केवढीशी होती ती पाठ, करडी, खांद्यांत पडलेली, रस्त्याच्या मानाने तर अगदीच चिमूटभर. एवढी पुरली त्याला इतकी वर्षं? पुढे ती पाठ आणि मागे तो, डोंगरासारखा, मान जराशी पुढे काढलेली, डोळे स्वेटरवर. आणि सूनबाई सरळ चालली होती, ऑफिसला जाते तशी, दोन्ही पावलं धड, चटचट. मी त्याच्या पायांकडे बघितलं. डावा टेकला, पुरता नाही. ओढला. कमरेतून उचलला. उजवा. डावा ओढला. पुन्हा बघितलं, म्हटलं सुरुवात आहे, लागेल ताळ्यावर. डावा ओढला. पुढच्या पायांत काही दुखत नव्हतं, मागच्या पायांत काही दुखत नव्हतं, आणि तरी माझा पाय त्या रस्त्यावरून लंगडत चालला होता, मी इथे वर उभी असताना. मग तो पाय कुठे राहत होता? बागेत तर माझ्यामागे सरळ झाला होता तो. म्हणजे मी असले तर सरळ, मी नसले तर माझं दुखणं. हे माझ्या डोक्यात असं नीट शब्दांत आलं नाही, पोटात आलं, आणि पोटातून तोंडात. मी चादर बाजूला केली आणि ओरडले, “बाबू! सरळ! सरळ चाल!”

तो थांबला. त्याने वर बघितलं. मी दिसले त्याला, पुरती दिसले, उघड्या डोक्याची, गाऊनमधली. त्याचं तोंड आनंदाने पसरायला लागलं आणि अर्ध्यावर राहिलं. त्याने पुढे बघितलं. पुढेही मीच होते, चालले होते, ठरल्याप्रमाणे मागे न बघता, लांब लांब जात होते. त्याने परत वर बघितलं. एक पाय उचलला आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून तसाच धरला. त्याचे दोन्ही हात छातीशी आले, बोटं एकमेकांत अडकली, हे तो कोंडी झाली की करतो, आणि पुढची पायरी मला ठाऊक आहे, मग तो डोकं हलवायला लागतो, मग बसतो, आणि बसला की बसला. दुधाची मोटार मागून आली, भोंगा न वाजवता थांबली. मी हात केला असता तर तो धावत वर आला असता आणि मग त्या स्वेटरमागे आयुष्यात परत गेला नसता. जा म्हटलं असतं तर माझ्याच आवाजाला धरून उभा राहिला असता. खाली उतरावं तर पाय नाहीत. आणि नुसती उभी राहिले असते, काही न करता, तर तोही उभा राहिला असता, मी उभी आहे तोवर. एवढ्या मोठ्या जगात मला त्याच्यासाठी करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या हातात एवढंच होतं की तिथे मी नसावं. मी त्याच्याकडे पाठ केली. आत आले, गॅलरीचं दार ओढलं, कडी घातली, पडदाही सरकवला.

खोलीत फ्रिज घुं घुं करत होता. त्याच्या कपात चहाचा तळ तसाच होता, त्यात साय धरायला लागलेली. मी कान लावले. इतकी वर्षं माझे कान त्याच्यावरच चालले, पण बंद काचेतून काही आलं नाही. मोटारीचं इंजिन तेवढं एकदा घुमलं आणि लांब गेलं. म्हणजे रस्ता तिला मिळाला. म्हणजे तो बाजूला झाला. कुठल्या बाजूला? लिफ्ट वर येतेय का ऐकलं. नाही. जिना ऐकला. नाही. कुणी रडत नव्हतं, कुणी “भाऊजी” म्हणत नव्हतं. कडीवर हात ठेवून मी उभी होते आणि काढत नव्हते, माझ्या स्वतःच्या हाताला मी दटावत होते, थांब मेल्या, थांब. किती वेळ ते घड्याळाला ठाऊक. शेवटी पडदा बोटभर बाजूला केला. रस्त्यावर कुणी नव्हतं. स्वेटर नव्हता, तो नव्हता, कोपऱ्यापर्यंत सगळं उन्हात लख्ख आणि मोकळं. गेला होता. सरळ पायाने गेला की माझ्या पायाने, ते बघायला मी नव्हते.